सॉलिसिटरची उमेदवारी : परीक्षेचे दार उघडले, पेढीचे अरुंदच

एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडमधील सॉलिसिटर परीक्षेच्या १७५ परीक्षार्थींना एक विलक्षण गोष्ट कळवण्यात आली. महिन्याभरापूर्वी अनुत्तीर्ण म्हणून घोषित झालेले हे सर्वजण प्रत्यक्षात उत्तीर्ण झालेले होते. गुणांची गणना करताना अपूर्णांक पूर्णांकात बदलण्याची क्रिया चुकीच्या टप्प्यावर केली गेली आणि त्यामुळे हा घोळ झाला. परीक्षा घेणाऱ्या कॅप्लान या संस्थेने दिलगिरी व्यक्त केली आणि प्रत्येकी अडीचशे पौंड देऊ केले. परंतु मधल्या काळात यांपैकी काहींच्या हाती आलेल्या प्रशिक्षणाच्या जागा गेल्या होत्या. निकाल दुरुस्त करता आला. गेलेली जागा परत मिळवून देणे परीक्षा संस्थेच्या हाती नव्हते.

या प्रकारावर तेथे बरीच टीका झाली आणि ती परीक्षेच्या व्यवस्थेभोवतीच राहिली. त्यातून पुढे आलेला अधिक महत्त्वाचा मुद्दा मात्र काहीसा मागे पडला. सॉलिसिटर होण्याचा मार्ग २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर खुला करण्यात आला आहे. तरीही व्यापारी कायद्याच्या मोठ्या पेढ्यांत शिरण्याची चावी परीक्षेपाशी नसून पेढ्यांच्याच हातात आहे. ज्या विद्यार्थ्यांना हा फरक वेळीच कळतो, ते आपला वेळ व पैसा योग्य ठिकाणी घालतात. ज्यांना तो उशिरा कळतो, ते बहुधा कर्ज काढून परीक्षा देतात आणि मग जागा शोधू लागतात. महाराष्ट्रातून कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न केवळ माहितीचा नसून थेट घरच्या अर्थकारणाचा आहे.

बॅरिस्टर आणि सॉलिसिटर

विलायतेला जाऊन बॅरिस्टर होणे ही कल्पना मराठी मनाला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. लंडनच्या कायदा व्यवसायातील व्यापारी कामाचा मोठा भाग मात्र बॅरिस्टरांकडे नसून सॉलिसिटरांच्या पेढ्यांकडे असतो. कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांची कर्जे, रोखे, जहाजे, विमा, ऊर्जा प्रकल्प, स्पर्धा कायदा अशा विषयांत या पेढ्या अशिलांना सल्ला देतात, करार लिहितात आणि वाटाघाटी करतात. बॅरिस्टर न्यायालयात उभा राहतो. सॉलिसिटर शक्यतो न्यायालयाची पायरी चढावी लागू नये अशी व्यवस्था कागदावर करून ठेवतो.

या व्यवसायात शिरण्यापूर्वी उमेदवारी करावी लागते. पूर्वी तिला 'आर्टिकल्स' म्हणत. आज 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट' हे नाव रूढ आहे. दोन वर्षांच्या या काळात प्रशिक्षणार्थी साधारणपणे सहा-सहा महिन्यांसाठी चार वेगवेगळ्या विभागांत काम करतो. मोठ्या पेढ्या निवडलेल्या विद्यार्थ्याच्या परीक्षेचे व अभ्यासक्रमाचे शुल्क भरतात, अनेकदा त्या काळातील निर्वाहासाठी रक्कमही देतात. लंडनमधील बड्या पेढ्यांत प्रशिक्षणार्थीचा वार्षिक पगार पन्नास हजार पौंडांच्या पुढे गेला आहे. २०२४ मध्ये तेथील आघाडीच्या पेढ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलेल्या नव्या सॉलिसिटरचा पगार दीड लाख पौंडांवर नेला. लंडनमधील काही अमेरिकी पेढ्या त्याहूनही अधिक देतात.

याच व्यवसायाची दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षणार्थींना द्यावयाच्या किमान पगाराची सक्ती नियामक संस्थेने २०१४ मध्ये काढून टाकली. गावातील लहान पेढी आणि लंडनची बहुराष्ट्रीय पेढी यांतील प्रशिक्षणार्थींच्या मिळकतीत तेव्हापासून बंधनकारक असा समान पायाच उरलेला नाही. जागांची संख्याही फारशी लवचिक नाही. २०१४ ते २०२० या काळात इंग्लंड व वेल्समध्ये दर वर्षी नोंदल्या गेलेल्या प्रशिक्षणाच्या जागा पाच ते साडेसहा हजारांच्या दरम्यान राहिल्या. यांतील सर्व जागा व्यापारी कायद्याच्या नव्हत्या, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, जानेवारी २०२४ मधील एकाच परीक्षेला सहा हजारांहून अधिक परीक्षार्थी बसले होते.

सुधारणेने काय बदलले

सप्टेंबर २०२१ मध्ये 'सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन' म्हणजेच एसक्यूई ही नवी परीक्षा पद्धती लागू झाली. तोपर्यंत 'लीगल प्रॅक्टिस कोर्स' हा महागडा अभ्यासक्रम आणि त्यानंतर ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हाच मुख्य मार्ग होता. अभ्यासक्रमावर हजारो पौंड खर्च करूनही जागा न मिळाल्याने असंख्य पदवीधर अडकून पडत. नव्या पद्धतीत कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता, परीक्षेचे दोन टप्पे, चारित्र्याची पडताळणी आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव एवढ्या अटी आहेत. हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतो. एखाद्या मदत केंद्रातील, कंपनीच्या विधी विभागातील किंवा पेढीतील सहायकाचे कामही त्यात धरता येते. जुन्या मार्गाने आधीच निघालेल्यांना २०३२ च्या अखेरपर्यंत मुदत आहे.

सुधारणेमागचा हेतू स्तुत्य होता आणि काही अंशी तो साध्यही झाला. जे वर्षानुवर्षे सहायक म्हणून राबत होते, त्यांना आपल्या कामाच्या बळावर सॉलिसिटर होता आले. पण या सुधारणेने पात्रता आणि नोकरी यांची फारकत केली. पूर्वी जागा मिळाली की पात्रता जवळजवळ निश्चित होई. आता पात्रता मिळूनही जागा नाही, अशी स्थिती संभवते. मोठ्या पेढ्यांनी तर जुनीच रचना नव्या परीक्षेवर बसवली. त्यांच्याकडे आजही दोन वर्षांचे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट आहे, चार विभाग आहेत आणि निवडीची पद्धतही पेढीची स्वतःची आहे.

परीक्षाही सोपी नाही. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा, संशोधन अशा सोळा कसोट्या असून त्यांतील बारा लेखी व चार तोंडी असतात. पहिल्या टप्प्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण जानेवारी २०२४ मध्ये ५६ टक्के होते, तर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते ४४ टक्क्यांवर आले. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात. दोन्ही टप्प्यांचे केवळ शुल्क पाच हजार पौंडांच्या आसपास जाते. शिकवणीचा खर्च वेगळा. पेढीने निवडलेल्या विद्यार्थ्यासाठी हा खर्च पेढी उचलते. स्वतःच्या बळावर उतरणाऱ्याला तो स्वतः सोसावा लागतो. म्हणजे परीक्षागृहात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची प्रश्नपत्रिका एक असली, तरी जोखीम एक नसते. अर्थात, पेढीच्या खर्चाने बसलेल्यालाही पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होण्याचे दडपण असते. अनेक पेढ्या एका अपयशानंतर देऊ केलेली जागा काढून घेतात. वर उल्लेखलेल्या प्रकरणातील परीक्षार्थींवर ओढवले ते यामुळेच.

अर्जाचे वेळापत्रक

या पार्श्वभूमीवर सर्वाधिक महत्त्व येते ते पेढीकडे करावयाच्या अर्जाला. येथील पहिली अडचण कालगणनेची आहे. मोठ्या पेढ्या प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू होण्याच्या साधारण दोन वर्षे आधी निवड करतात. तीन वर्षांची कायद्याची पदवी घेणारा इंग्रज विद्यार्थी दुसऱ्या वर्षातच अर्ज करू लागतो. बहुतेक अर्ज शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास खुले होतात आणि डिसेंबर-जानेवारीत बंद होऊ लागतात. अनेक पेढ्या अंतिम तारखेची वाट न पाहता आलेले अर्ज क्रमाने तपासत जातात. शेवटच्या दिवशी पाठवलेला उत्तम अर्ज म्हणूनच कधीकधी भरलेल्या गाडीच्या दारात उभा राहतो.

एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी भारतातून जाणारा विद्यार्थी सप्टेंबरमध्ये तेथे पोहोचतो. घर शोधणे, बँकेचे खाते उघडणे, थंडीची सवय होणे यांत दोन महिने जातात. तोवर अर्जांचा मोसम मध्यावर आलेला असतो. पुढच्या मोसमाच्या वेळी अभ्यासक्रम संपलेला असतो आणि व्हिसाचे घड्याळ चालू झालेले असते. अशा विद्यार्थ्याने अर्जांची तयारी विमानात बसण्यापूर्वी, म्हणजे मे-जूनमध्येच भारतात सुरू केली पाहिजे, हा या विषयातील सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित सल्ला होय.

दुसरी बाब 'व्हेकेशन स्कीम'ची. सुट्टीच्या काळात एक ते तीन आठवडे पेढीत प्रत्यक्ष काम करण्याची ही योजना वरकरणी ओळखीपुरती वाटते; वस्तुतः ती लांबलेली मुलाखत असते. अनेक पेढ्या आपल्या प्रशिक्षणार्थींचा मोठा हिस्सा याच योजनेतून निवडतात, काही तर केवळ यातूनच निवडतात. त्यामुळे थेट प्रशिक्षणासाठी अर्ज करावा की व्हेकेशन स्कीमसाठी, हा निर्णय प्रत्येक पेढीची पद्धत पाहूनच घ्यावा लागतो.

अर्जात काय लिहावे

अर्जातील प्रश्न शब्द बदलून तीनच असतात : व्यापारी कायदाच का, हीच पेढी का, आणि तुम्हीच का. यांतील दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक अर्ज बाद होतात असे या क्षेत्रातील सल्लागार सातत्याने सांगत आले आहेत. 'आपली पेढी जगातील अग्रगण्य पेढ्यांपैकी असून तिची कार्यसंस्कृती सहकार्याची आहे' असे वाक्य शंभर अर्जांत सापडते. पेढीचे नाव खोडून शेजारच्या पेढीचे नाव घातले तरी जे वाक्य जसेच्या तसे टिकते, ते वाचणाऱ्यास काहीच सांगत नाही.

पेढ्यांची कामे एकसारखी नसतात. एखादी पेढी बँकांच्या बाजूने कर्जव्यवहार करते, दुसरी कर्ज घेणाऱ्या खासगी गुंतवणूक कंपन्यांच्या बाजूने. एखादीचा भर जहाजवाहतूक व विम्यावर असतो, एखादीचा तंत्रज्ञान व माध्यमांवर. एखादी पेढी वर्षाला शंभर प्रशिक्षणार्थी घेते, तर एखादी दहाच. शंभरांत शिस्तबद्ध प्रशिक्षण मिळते. दहांत जबाबदारी लवकर अंगावर येते. अर्जदाराने या फरकांपैकी आपल्याला कोणता हवा आणि का, हे दोन-तीन वाक्यांत सांगितले तरी तो गर्दीतून वेगळा होतो. त्यासाठी पेढीने अलीकडे केलेले एखादे काम नीट वाचावे लागते. कामाचे नाव घेणे पुरेसे नाही. त्यात अशिलाला काय साधायचे होते आणि कायद्याची अडचण कोठे होती, हे समजणे महत्त्वाचे.

यालाच तेथे 'कमर्शियल अवेअरनेस' म्हणतात. या शब्दाने विद्यार्थी उगाच धास्तावतात आणि रोज अर्थविषयक दैनिक पाठ करू लागतात. अपेक्षा त्याहून साधी आहे : धंदा कसा चालतो, पैसा कोठून येतो, जोखीम कोणावर पडते, हे ओळखण्याची सवय. वेल्समधील पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याचे उदाहरण घेता येईल. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहातील टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर हा कारखाना आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील अखेरची झोतभट्टी बंद झाली. तिच्या जागी सव्वा अब्ज पौंड खर्चाची विद्युतभट्टी उभारण्याची योजना असून त्यात ब्रिटिश सरकारचा वाटा पन्नास कोटी पौंडांचा आहे. वृत्तपत्र वाचणारा येथे थांबतो. व्यापारी कायद्याकडे वळू पाहणाऱ्याने पुढचे प्रश्न विचारावेत. हजारो कामगार कमी करताना सल्लामसलतीची कोणती प्रक्रिया बंधनकारक असते? सरकारी अनुदान २०२२ च्या सबसिडी नियंत्रण कायद्यात कसे बसते? अटी मोडल्या तर अनुदान परत मागता येते काय? भट्टी बंद असताना ग्राहकांशी झालेले पुरवठ्याचे करार कोण पाळणार? जुन्या जमिनीच्या प्रदूषणाची जबाबदारी कोणाची? एका बातमीतून श्रमकायदा, वित्तपुरवठा, करार आणि पर्यावरण असे चार विभाग उभे राहतात. मुलाखतीतील 'केस स्टडी'त याहून वेगळे काही विचारले जात नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी या बाबतीत न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्या मुलाने २०१० चा हंगाम ऐकलेला असतो. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने त्या वर्षी भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. माल नाकारला गेला तर तोटा बागायतदाराचा, निर्यातदाराचा की आयातदाराचा, हा प्रश्न करारातील एका कलमावर अवलंबून असतो. हा अनुभव लंडनमधील वाचकाला सांगण्याजोगा आहे. पण तो सांगण्याऐवजी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रशस्तिपत्रांची यादी देण्याकडे बहुतेकांचा कल असतो. तीच गोष्ट दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याची, पतपेढीच्या थकबाकीची, सहकारी गृहसंस्थेच्या पुनर्विकासाची. अनुभव मोठा असण्याची गरज नाही. त्यात अर्जदाराने स्वतः काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे मात्र स्पष्ट असावे. 'आम्ही' या शब्दाआड स्वतःचे काम लपवण्याची आपल्याकडील विनयशील सवय येथे नुकसान करते.

चाचणी आणि यंत्र

अर्जानंतर चाचण्यांची मालिका सुरू होते. वॉटसन-ग्लेझर या नावाने ओळखली जाणारी तर्कचाचणी अनेक पेढ्या वापरतात. दिलेल्या विधानातून नेमके काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, एवढेच ती पाहते. बाहेरचे ज्ञान मध्ये आणणारा हुशार विद्यार्थी तिच्यात हमखास फसतो. सरावाने या चाचणीतील गुण सुधारतात, हे लक्षात घेऊन पहिली चाचणी आवडत्या पेढीसाठी न देणे शहाणपणाचे. त्यानंतर ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत असते. समोर माणूस नसतो, पडद्यावर प्रश्न येतो आणि ठरावीक सेकंदांत उत्तर द्यावे लागते. शेवटी पेढीच्या कार्यालयात गटचर्चा, लेखी काम आणि भागीदारांबरोबरची मुलाखत. गटचर्चेत सर्वाधिक बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणारा, वेळेचे भान ठेवणारा आणि निर्णयाकडे आणणारा सहकारी पेढीला हवा असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रक्रियेत नवी गुंतागुंत आणली आहे. यंत्राकडून लिहून घेतलेले अर्ज गुळगुळीत असतात आणि एकमेकांसारखे असतात. नेमका हाच त्यांचा दोष ठरतो. अनेक पेढ्यांनी अर्जात अशा साधनांचा वापर कितपत चालेल याचे स्वतःचे नियम केले असून ते अर्जापूर्वी वाचणे अगत्याचे आहे. दुसरीकडे पेढ्या स्वतः ही साधने वापरत आहेत. ॲलन अँड ओव्हरी या पेढीने, जी मे २०२४ मधील विलीनीकरणानंतर ए अँड ओ शिअरमन झाली, फेब्रुवारी २०२३ मध्येच 'हार्वी' हे साधन आपल्या वकिलांच्या हाती दिल्याचे जाहीर केले होते. कागदपत्रांचे ढीग वाचणे, कलमांची तुलना करणे, मसुद्यातील चुका शोधणे ही आजवर प्रशिक्षणार्थींची कामे होती. ती यंत्राकडे गेली तर शिकाऊ वकील शिकणार कोठे, हा व्यवसायापुढील खरा प्रश्न आहे. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले न्यायालयापुढे ठेवणाऱ्या वकिलांना कडक शब्दांत समज दिली. यंत्राने दिलेले उत्तर तपासण्याची जबाबदारी माणसावरच राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. मुलाखतीत या विषयावर अर्जदाराकडे स्वतःचे संतुलित मत असणे आता अपेक्षित धरले जाते.

भारतीय अर्जदाराचे गणित

भारतातून जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी अनुकूल आहेत. भारतात सनद घेऊन वकिली करण्याचा अधिकार मिळवलेल्यास दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू होत नाही, आणि पात्रता व अनुभव पाहून परीक्षेच्या काही भागातून सूटही मागता येते. परीक्षेचा पहिला टप्पा इंग्लंडबाहेरील केंद्रांवरही देता येतो. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या निवडक संस्थांतून काही लंडनस्थित पेढ्यांनी विद्यार्थ्यांना थेट प्रशिक्षणासाठी घेतले आहे. परंतु हा मार्ग मोजक्या संस्थांतील मोजक्या विद्यार्थ्यांपुरता आहे.

प्रतिकूल बाजू अधिक जड आहे. पदव्युत्तर पदवी विद्वत्तेत भर घालते. सॉलिसिटर होण्यासाठी ती आवश्यक नाही आणि जागा मिळवून देण्याची हमी तर ती मुळीच देत नाही. शिक्षणानंतर दोन वर्षे राहू देणारा 'ग्रॅज्युएट व्हिसा' १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिन्यांवर आणण्याचा निर्णय झालेला आहे. कामासाठीच्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसाची सर्वसाधारण किमान पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. नवोदितांसाठी ती काही अटींवर कमी आहे, तर व्यवसायानुसार वेगळे दरही लागू होतात. लंडनच्या बड्या पेढ्या ही मर्यादा सहज ओलांडतात. पण लीड्स, ब्रिस्टल किंवा कार्डिफमधील मध्यम पेढीला आणि मदत केंद्रांना ते जमेलच असे नाही. म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यासाठी सुधारणेने उघडलेली पर्यायी वाट, लहान ठिकाणी काम करून दोन वर्षे भरण्याची, परदेशी विद्यार्थ्यासाठी व्हिसाच्या नियमांनी बऱ्याच अंशी बंद होते. त्याच्यापुढे उरतात त्या मुख्यतः मोठ्या पेढ्या, आणि स्पर्धा तेथेच सर्वांत तीव्र आहे.

मोठ्या पेढ्यांचा खेळ समतल मैदानावर होतो असेही नाही. अर्जदार कोणत्या शाळेत शिकला, घरची स्थिती काय होती हे विचारात घेऊन गुणांकडे पाहण्याची पद्धत अनेक पेढ्यांनी स्वीकारली, हे स्वागतार्ह आहे. मात्र ती पद्धत ब्रिटनमधील शाळा व वस्त्यांच्या माहितीवर उभी आहे. जतच्या जिल्हा परिषद शाळेतून पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयापर्यंत आलेल्या मुलीचा प्रवास त्या माहितीसंचात आपोआप दिसत नाही. तो तिने अर्जात स्वतः, रडगाणे न गाता आणि आकड्यांनिशी, सांगावा लागतो. वर्गात किती जण होते, तिचा क्रमांक कितवा होता, शिकताना कोणते काम केले, हे त्या देशातील वाचकाला कळेल अशा रीतीने मांडावे लागते.

मुंबईचा दाखला

उमेदवारीची ही परंपरा मुंबईला परकी नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ॲटर्नींचा वेगळा वर्ग कायद्याने संपला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आणि त्यासाठीची आर्टिकलशिप चालू राहिली. देशभरात मात्र वकिलीसाठी सक्तीची उमेदवारी नाही; बार कौन्सिलने घातलेली एक वर्षाच्या प्रशिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केली. परिणामी शिकण्याची व्यवस्था ज्येष्ठांच्या मर्जीवर आणि इंटर्नशिपच्या ओळखीपाळखीवर सोडली गेली. फोर्ट आणि लोअर परळमधील पेढ्यांत जागा कशा भरल्या जातात, निकष कोणते, अर्ज कोण वाचतो, याची लंडनइतकी माहितीही येथे उघड नसते. त्या दृष्टीने तेथील व्यवस्थेत एक गोष्ट निश्चित घेण्याजोगी आहे : दार अरुंद असले, तरी ते कोठे आहे आणि केव्हा उघडते, हे सर्वांना आधी सांगितले जाते.

परदेशी पेढ्यांबाबतचे चित्रही हळूहळू बदलत आहे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भारतात व्यवसाय करण्यास मज्जाव केला होता. मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने मर्यादित कामापुरती आणि परस्परतेच्या तत्त्वावर वाट मोकळी करणारे नियम अधिसूचित केले. मे २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने मात्र वकिली सेवांना स्पर्श केला नाही. तेव्हा लंडनच्या पेढीत मुंबईतच बसून प्रशिक्षण मिळेल या आशेवर आज कोणी करिअर बेतू नये. परंतु मुंबईतील पेढीत दोन-तीन वर्षे सीमापार व्यवहारांवर काम करून, सनद हातात घेऊन, नंतर तेथे अर्ज करणे हा पर्याय पदवीनंतर लगेच कर्ज काढून निघण्यापेक्षा अनेकांच्या बाबतीत अधिक सुरक्षित ठरू शकतो. अनुभवाची अट त्यामुळे सुटते आणि अर्जात सांगण्यासारखे कामही हाती येते.

यातून निघणारा व्यवहार्य क्रम स्पष्ट आहे. आधी पेढी, मग परीक्षा. आधी अर्जांचा मोसम, मग विमानाचे तिकीट. वीस-पंचवीस पेढ्यांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा आठ-दहा पेढ्यांचा कसून अभ्यास केलेला बरा. नकार येणार हे गृहीत धरून कोणत्या टप्प्यावर तो आला याची नोंद ठेवावी, कारण अर्जावर आलेला नकार आणि अंतिम मुलाखतीनंतर आलेला नकार यांचे उपाय वेगळे आहेत. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी जागा न मिळाल्यास परतफेडीचा मार्ग कोणता, याचे उत्तर घरात बसून लिहून काढावे. व्यापारी कायद्याच्या वकिलाचे पहिले काम अशिलाला जोखीम दाखवून देणे हे असते. या व्यवसायाकडे निघालेल्या विद्यार्थ्याचा पहिला अशील तो स्वतः आणि त्याच्या कर्जाला जामीन राहणारे त्याचे आईवडील असतात.